क्लोन्सचं वादळ, नेवाडाचं ऊन

23 जून 1986, लास वेगास. आयर्लंडच्या बॅरी मॅकगिगनचं फेदरवेट विश्वविजेतेपद पंधराव्या फेरीच्या शेवटच्या घंटेबरोबर गेलं. हा घटनाक्रम त्या घंटेकडे उलटं मोजत जाणारा आहे. त्या संध्याकाळी मॅकगिगन शेवटच्या तीन मिनिटांत हरला असं अजूनही सांगितलं जातं. पण ती हार बरीच आधीपासून, तुकड्यातुकड्याने, जमा होत आली होती.

जवळपास 8 वर्षं आधी. ऑगस्ट 1978, एडमंटन

कॅनडात राष्ट्रकुल स्पर्धा चालू आहेत. बँटमवेट गटात सतरा वर्षांचा एक पोरगा उत्तर आयर्लंडच्या वतीने सुवर्णपदक जिंकतो. त्याचं गाव क्लोन्स मात्र सीमेच्या पलीकडे, आयर्लंड प्रजासत्ताकाच्या मोनाहन परगण्यात. दोन वर्षांनी मॉस्को ऑलिंपिकमध्ये तो आयर्लंडकडून उतरतो आणि झांबियाच्या विनफ्रेड काबुंडाकडून हरतो. हौशी कारकीर्द इथे संपते. तिची शैली मात्र पुढेही तशीच राहते: सतत पुढे सरकायचं, अंगाला भिडायचं, डाव्या हाताचे हूक प्रतिस्पर्ध्याच्या बरगड्यांखाली मारत राहायचे. लोक त्याला ‘क्लोन्स सायक्लोन’ म्हणू लागतात. या शैलीला दम लागतो, आणि तो त्याच्याकडे भरपूर आहे.

5 वर्षं आधी. मे 1981, डब्लिन

बेलफास्टचे व्यवस्थापक बार्नी ईस्टवुड यांच्या छत्राखाली डॅलिमाउंट पार्कवर पहिली व्यावसायिक लढत. दुसऱ्या फेरीत विजय. ऑगस्टमध्ये ब्रायटनला पीटर यूबँककडून गुणांवर पराभव, आणि वर्ष संपायच्या आत त्याची परतफेड. त्यानंतर 1986 च्या त्या संध्याकाळपर्यंत तो एकदाही हरत नाही.

4 वर्षं आधी. 14 जून 1982, लंडन

ग्रोव्हनर हाउस हॉटेलातल्या लढतीत मॅकगिगनच्या ठोशांनी नायजेरियाचा यंग अली कोसळतो. तो शुद्धीवर येत नाही आणि त्याच वर्षी मरण पावतो. मॅकगिगन बॉक्सिंग सोडण्याच्या बेताला येतो. सोडत नाही, पण रिंगमध्ये माणसाचं काय होऊ शकतं हे आता त्याला कोणी सांगायला नको.

साडेतीन वर्षं आधी. 13 नोव्हेंबर 1982, लास वेगास

सीझर्स पॅलेस हॉटेलचं उघड्यावरचं मैदान. दक्षिण कोरियाचा किम डुक-कू रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत पडतो आणि काही दिवसांत दगावतो. बॉक्सिंगच्या जगात खळबळ उडते. डब्ल्यूबीसी ही संघटना विश्वविजेतेपदाच्या लढती 15 वरून 12 फेऱ्यांवर आणते. तिची प्रतिस्पर्धी डब्ल्यूबीए 15 वरच राहते. मॅकगिगन पुढे जो पट्टा जिंकणार आहे, तो डब्ल्यूबीएचा.

1 वर्ष आधी. 8 जून 1985, लंडन

लॉफ्टस रोड हे क्वीन्स पार्क रेंजर्सचं फुटबॉल मैदान, पंचवीस हजारांहून अधिक माणसांनी भरलेलं. समोर पनामाचा युसेबियो पेद्रोसा, सात वर्षं विजेता, 19 वेळा पट्टा राखलेला. उत्तर आयर्लंडमध्ये बाँब आणि गोळ्या चालू असताना मॅकगिगन कुठल्याही बाजूचा झेंडा घेत नाही. राष्ट्रगीताऐवजी त्याचे वडील पॅट रिंगमध्ये ‘डॅनी बॉय’ गातात. 1968 च्या युरोव्हिजनमध्ये आयर्लंडसाठी गायलेले तेच हे पॅट. सातव्या फेरीत पेद्रोसा खाली जातो आणि 15 फेऱ्यांनंतर मॅकगिगन गुणांवर विश्वविजेता होतो. तो विजय यंग अलीला अर्पण करतो. पंधरा फेऱ्यांचं अंतर आपल्याला झेपतं, हे त्या रात्री सिद्ध होतं. फक्त ती रात्र लंडनची होती.

काही आठवडे आधी

बेलफास्टमध्ये बर्नार्ड टेलर आणि डब्लिनमध्ये डॅनिलो काब्रेरा यांच्याविरुद्ध पट्टा राखून झाला आहे. आता अमेरिका हवी. नाव तिथे झालं की पैसा तिथून येतो. ठरलेला प्रतिस्पर्धी, अर्जेंटिनाचा फर्नांडो सोसा, माघार घेतो. त्याच्या जागी स्टीव्ह क्रूझ येतो: टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा, बावीस वर्षांचा, एरवी प्लंबरच्या हाताखाली काम करणारा. हा बदल सगळ्यांना सोपा वाटतो. एक गोष्ट कोणी हिशेबात धरत नाही. आयर्लंडमध्ये जूनमध्ये पारा सहसा वीस अंश सेल्सिअसच्या आत असतो, टेक्सासच्या उन्हाळ्यात वाढलेल्या पोराला मात्र उकाडा नवा नाही.

त्याच दिवशी

पारा 100 फॅरनहाइटच्या, म्हणजे 38 सेल्सिअसच्या वर. मैदान तेच, किम जिथे पडला ते. डोक्यावर छप्पर नाही, उलट टीव्हीचे दिवे आहेत. त्याच कार्यक्रमात थॉमस हर्न्स आणि रोबेर्तो दुरानही लढणार आहेत. एवढा पसारा एका माणसाच्या सोयीसाठी हलवता येत नाही.

वाळवंटातली कोरडी हवा फसवी असते. घाम अंगावर टिकत नाही, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. रक्तातलं पाणी घटलं की हृदयाला तेच रक्त स्नायूंकडेही पाठवायचं असतं आणि थंड होण्यासाठी कातडीकडेही. दोन्हीकडे पुरत नाही. मागे सरकत, वाट पाहत लढणाऱ्याला हे उशिरा भोवतं. सतत चाल करून जाणाऱ्याला लवकर.

59 मिनिटं बाकी

पहिली घंटा. तीन मिनिटांच्या 15 फेऱ्या आणि मध्ये एकेक मिनिटाची 14 विश्रांती, मिळून एकोणसाठ मिनिटं. मॅकगिगन त्याच्या सवयीप्रमाणे पुढे जातो, अंगावर मारा करतो, गुण घेतो. क्रूझ पळत नाही, पडतही नाही.

23 मिनिटं बाकी

दहावी फेरी. क्रूझचा ठोसा बसतो आणि विजेता खाली जातो. रेफरी रिचर्ड स्टील मोजू लागतात. मॅकगिगन उठतो. पेद्रोसाविरुद्ध या टप्प्यावर त्याच्याकडे अजून ताकद शिल्लक होती. इथे पाय जड झाले आहेत आणि अजून पाच फेऱ्या लढायच्या आहेत.

15 मिनिटं बाकी

बारावी फेरी. डब्ल्यूबीसीच्या नियमाने ही शेवटची असती. कमरेखाली मारल्याबद्दल स्टील मॅकगिगनचा एक गुण कापतात. बरगड्यांवर मारा करणाऱ्याचा हात थकला की ठोसा खाली घसरतो. हा एक गुण लक्षात ठेवायला हवा.

3 मिनिटं बाकी

पंधरावी फेरी सुरू होताना तीनपैकी दोन पंचांच्या गुणपत्रिकेवर मॅकगिगनच पुढे आहे. उभं राहिलं तरी पट्टा वाचतो. पण ते आता जमण्यातलं नाही. तो एकदा पडतो. उठतो. दुसऱ्यांदा पडतो. पुन्हा उठतो. क्रूझ त्याला बाद करू शकत नाही आणि घंटा वाजते तेव्हा मॅकगिगन आपल्या पायांवर आहे.

घंटेनंतर

143-142, 142-141, 143-139. तिन्ही पंच क्रूझच्या बाजूने. मॅकगिगनला रुग्णालयात नेतात, मेंदूचा स्कॅन होतो, अंगातलं पाणी संपलेलं असतं. ‘द रिंग’ मासिक ही त्या वर्षीची सर्वोत्तम लढत ठरवतं. क्रूझ पहिल्याच बचावात, मार्च 1987 मध्ये, अँटोनियो एस्परागोझाकडून हरतो. त्याच वर्षी पॅट जातात. मॅकगिगन आणि ईस्टवुड वेगळे होतात. क्रूझविरुद्धच्या लढतीआधीच्या मॅकगिगनच्या दुखापतीवरून दोघांत पेटलेला वाद न्यायालयात पोहोचतो आणि 1992 मध्ये ज्युरी ईस्टवुड यांना बदनामीपोटी साडेचार लाख पौंड देते. मॅकगिगन 1988 मध्ये रिंगमध्ये परततो, पण विश्वविजेता पुन्हा होत नाही. 1989 मध्ये जिम मॅकडॉनेलविरुद्ध डोळ्यावरच्या जखमेमुळे चौथ्या फेरीत हरून तो थांबतो: 35 लढती, 32 विजय. डब्ल्यूबीएही पुढे 12 फेऱ्यांवर आली.

आता तो एक गुण. बाराव्या फेरीत तो कापला गेला नसता तर दोन गुणपत्रिका 143-143 आणि 142-142 अशा बरोबरीत सुटल्या असत्या. बरोबरीत पट्टा विजेत्याकडेच राहतो. म्हणजे शेवटच्या फेरीत दोनदा पडूनही मॅकगिगन विश्वविजेता राहिला असता. वेगास, उघडं मैदान, जून महिना, बदली प्रतिस्पर्धी, पंधरा फेऱ्या, हे सगळं कागदावर सही होऊन आलं होतं आणि सही करताना कोणालाही घाम फुटला नव्हता. त्या सगळ्यांची किंमत रिंगमध्ये एका खाली घसरलेल्या ठोशाने वसूल झाली.