पत्री, बाभळीचा काटा आणि होशंगाबादचे विज्ञान

आपल्या स्मरणिकेत होळकरशाहीवर दरवर्षी एक तरी लेख असतो, आणि तो असावाच. यंदा मात्र आम्ही जरा अलीकडचा इतिहास सांगणार आहोत. तो नर्मदेच्या दक्षिण काठावर, होशंगाबाद जिल्ह्यात घडला. त्या जिल्ह्याला 2022 पासून नर्मदापुरम म्हणतात, पण आमच्या तोंडी जुनेच नाव बसले आहे. या इतिहासात राजे-सरदार नाहीत. सरकारी माध्यमिक शाळांतले, म्हणजे सहावी ते आठवीचे, विज्ञान शिक्षक आहेत.

सुरुवात 1972 सालची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नोकरी सोडून डॉ. अनिल सद्गोपाल यांनी बनखेडी भागात ‘किशोर भारती’ ही संस्था काढली. होशंगाबादजवळ रसूलिया येथे क्वेकर मंडळींचे फ्रेंड्स रूरल सेंटर आधीपासून होते. या दोन संस्थांनी राज्य सरकारकडे मागणी केली की आम्हाला काही शाळांत विज्ञान वेगळ्या रीतीने शिकवू द्या. सरकारने 16 शाळा दिल्या. आज एका शाळेत वेगळे काही करायचे म्हटले तरी फाईल किती टेबलांवरून फिरते, हे आम्ही नोकरीत रोज पाहतो. तेव्हा 16 शाळांचे पुस्तक, शिकवण्याची पद्धत आणि परीक्षा तिन्ही बदलायला परवानगी मिळाली, याचे आम्हाला अजून नवल वाटते.

त्याच सुमारास मुंबईत टाटा संस्थेतील काही शास्त्रज्ञ महापालिकेच्या शाळांमध्ये प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याची खटपट करीत होते. व्ही. जी. कुलकर्णी त्यांतले एक. पुढे 1974 मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले, ते त्यांच्याच हातून. त्या मुंबईच्या अनुभवाचा होशंगाबादला उपयोग झाला. प्रा. यशपाल यांच्यासारखे शास्त्रज्ञ इकडे येऊन शिक्षकांबरोबर बसले. मागोमाग दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक आले. 1978 मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक शाळांना लागू झाला आणि 1982 मध्ये तो चालवण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली.

यातली खरी गोष्ट शिक्षकांच्या प्रशिक्षणाची आहे. उन्हाळ्याच्या सुटीत तीन-तीन आठवड्यांची शिबिरे होत. होशंगाबादचा मे महिना ज्यांनी काढला आहे, त्यांनाच त्याचा अर्थ कळेल. शिबिरात भाषणे थोडी. चाळिशी-पन्नाशीचे गुरुजी चार-चारच्या टोळ्या करून मुलांसारखे बसत, प्रयोग करीत, वहीत निरीक्षणे लिहीत आणि मग वाद घालीत. समोरचा विद्यापीठाचा प्राध्यापक असला तरी त्याचे म्हणणे प्रयोगाने पटले नाही, तर तसे तोंडावर सांगायची मुभा होती. वर्षभर दर महिन्याला गोष्ठी, म्हणजे शिक्षकांची बैठक. कुठला प्रयोग फसला, मुलांनी काय विचारले, हे तिथे मांडायचे. त्यातून ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकातले धडे पुन्हा लिहिले जात. खेड्यातल्या शिक्षकाच्या तक्रारीवरून पाठ्यपुस्तक बदलते, असे आम्ही तरी दुसरीकडे पाहिले नाही.

बाभळीचा काटा हे त्याचे उदाहरण. फूल उलगडून पाहायला सुई लागते, आणि ती विकत आणायची तर शाळेकडे पैसे नाहीत. एका शिक्षकाने सुचवले की बाभळीचा काटा घ्या. काटा टोकदार, फुकटचा, आणि गंजत नाही! 1978 मध्ये पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन एक तरुण इंजिनीयर इथे आला होता. आठवडी बाजारातून वस्तू आणून तो काहीबाही जोडत बसे. सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबच्या तुकड्यांत काडेपेटीच्या काड्या खोवून त्याने भूमितीच्या आकृत्या केल्या. ते अरविंद गुप्ता. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षे महाराष्ट्रातल्या मुलांना खेळणी करायला शिकवली. पुणेकरांना ती खेळणी पुण्याची वाटतात. काड्यांचा खेळ आमच्या होशंगाबादचा आहे, एवढे इथे नोंदवून ठेवतो.

आमचे बालपण इटारसीत गेले. वडील रेल्वेत, शाळा सरकारी, साल 1991. सहावीत पानांचा धडा होता. पानांच्या शिरा पाहायच्या, जाळीदार कोणत्या आणि समांतर कोणत्या ते ठरवायचे. मग रोप उपटून मूळ पाहायचे, सोटमूळ की तंतुमूळ. धडा नेमका गणपतीत आला. दुसऱ्या दिवशी पाने आणायला सांगितल्यावर आमच्या आळीतल्या तीन-चार मराठी पोरांनी पूजेची पत्रीच शाळेत नेली. घरी आईने धपाटा घातला तो वेगळा. पण वर्गात आमची चंगळ झाली. आघाडा, धोत्रा, बेल, माका, डाळिंब, पिंपळ हे सारे जाळीदार निघाले. दूर्वा आणि केवडा समांतर. बाकीच्या मुलांनी दोन-तीन जातींची पाने आणली होती, आमच्याकडे एकवीस होती.

भांडण कण्हेरीवर झाले. तिच्या मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना बारीक शिरा इतक्या जवळ-जवळ निघतात की अर्धा वर्ग म्हणाला समांतर. उरलेला अर्धा म्हणाला जाळी आहे, भिंगातून नीट बघा. गुरुजींकडे सगळे पाहू लागले. ते म्हणाले, “मुझे भी पक्का नहीं मालूम. जड़ देखेंगे.” शिक्षक असे बोलतो, हे आम्ही पहिल्यांदा ऐकले. कण्हेरीचे लहान रोप शोधायला चार दिवस लागले. उपटले तर सरळ खाली गेलेले सोटमूळ. मग भिंगाखाली पान पुन्हा पाहिले, तेव्हा बारीक शिरांना जोडणारी जाळी समांतरवाल्यांनाही दिसली. तो प्रश्न गुरुजी पुढच्या गोष्ठीत घेऊन गेले होते, हे मागाहून कळले.

परीक्षा पुस्तक उघडे ठेवून व्हायची, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची वेगळी. मुलांनी ‘सवालीराम’ला पत्रे लिहायची, त्याने उत्तरे पाठवायची. सवालीराम नावाचा माणूस कुणी नव्हताच, पण पत्रे येत होती.

आता कटू भाग. घरी वडील वही चाळत आणि विचारत, “अरे, एकही व्याख्या नाही? नववीत काय करणार?” हा प्रश्न जिल्हाभर विचारला जात होता, आणि तो अगदी चुकीचा नव्हता. नववीपासून पुन्हा पाठांतर, पुन्हा बंद पुस्तक. शहरातले पालक धास्तावले, त्यांत आपली मराठी घरे मागे नव्हती. नोकरदार माणसाला मुलाचे गुण दिसतात. त्याने कण्हेरीचे मूळ पाहिले की नाही, हे गुणपत्रिकेत कुठे येते?

कार्यक्रम सुमारे एक हजार शाळांत आणि पंधरा जिल्ह्यांत पोहोचला होता. 2002 मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. राज्यभर एकच पुस्तक असावे, ही भूमिका होती. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला, उपयोग झाला नाही. आम्ही स्वतः शासनाच्या सेवेत आहोत, म्हणून जबाबदारीने लिहितो: बंद करण्याचा आदेश काढायला एक पान पुरते, पण तीस वर्षे महिन्यामहिन्याला गोष्ठीला जाणारा शिक्षक कुठल्याही आदेशाने तयार होत नाही. त्या शिक्षकांना कुणी विचारले नाही. पालक म्हणून आपल्यालाही कुणी विचारले नाही. विचारले असते तर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ‘बंद करा’ म्हटले असते, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

तीनच वर्षांनी, 2005 मध्ये, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्याच्या समितीचे अध्यक्ष यशपालच होते. पाठांतर सोडा, मुलाला करून पाहू द्या, हेच त्यात होते.

मध्यंतरी एका लग्नाला इटारसीला गेलो, तेव्हा जुन्या शाळेत डोकावलो. गुरुजी कधीच निवृत्त झाले होते. प्रयोगाच्या सामानाची पेटी कोपऱ्यात होती, वर खडूचे खोके रचलेले. शिपायाने आमच्या आग्रहाखातर ती उघडली. दोन परीक्षानळ्या, एक भिंग, गंजलेला चिमटा, आणि तळाशी सुतळीने बांधलेली बाभळीच्या काट्यांची जुडी. काट्यांना गंज नव्हता.