यूएसबी, चिपसेटमधील अंगभूत

मदरबोर्डवरील वेगवान यूएसबी पोर्ट वेगळी चिप न जोडता थेट चिपसेटमधून चालवण्याची सोय. यूएसबी २.० चा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. नोव्हेंबर २००८ मध्ये जाहीर झालेल्या ३.० ने तो ५ गिगाबिटवर नेला, पण चिपसेट मागेच राहिले. मधल्या काळात मदरबोर्ड उत्पादक एनईसीसारख्या कंपन्यांच्या चिप बसवत. अशी चिप पीसीआय एक्सप्रेसच्या एका लेनवर जोडली जाई. इंटेलच्या पी५५ चिपसेटमध्ये ही लेन सेकंदाला २५० मेगाबाइटच नेई, म्हणजे पोर्ट ३.० चा, निळ्या रंगाचा असला तरी वेग निम्माच.

ही उणीव एएमडीच्या ए७५ ने २०११ मध्ये आणि इंटेलच्या ७ मालिकेने २०१२ मध्ये भरून काढली. दोहोंत असे चार पोर्ट होते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या नवेगावबांधच्या तलावावर टिपलेली ३२ जीबी छायाचित्रे जुन्या पोर्टातून उतरवायला साधारण पंधरा मिनिटे लागतात. नव्या पोर्टाला चांगला एसएसडी जोडला तर दीड मिनिट.

अंगभूत सोयीचा जाचही झाला. २०१५ च्या इंटेल १०० मालिकेतून यूएसबी २.० चा जुना ईएचसीआय नियंत्रक गेला; विंडोज ७ त्यावरच अवलंबून असल्याने ती टाकताना यूएसबी कीबोर्ड-माउसच चालेनात. तेव्हा जुना पीएस/२ कीबोर्ड शोधून काढणारा दुरुस्तीवाला शहाणा ठरला. पुढे इंटेलने १० गिगाबिटचा आधार २०१८ मध्ये, तर २० गिगाबिटचा २०२१ मध्ये चिपसेटमध्येच दिला.