बुवांची पेटी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त आमच्या गावच्या पेटीवाल्या बुवांचं.

बुवा गेले त्याला गेल्या महिन्यात वर्ष झालं. चाळीसेक वर्षं आमच्या भजनी मंडळाची पेटी त्यांच्याकडे होती. वर्षश्राद्धाच्या आधी पारावर बैठक बसली. तरुण पोरांचं म्हणणं, मोठं बॅनर लावू, हिंगोलीहून पाहुणे बोलावू, त्यांची भाषणं ठेवू. जुने टाळकरी म्हणाले, रात्रभर भजन करू. पण पेटी कोण वाजवणार? यावर सगळेच गप्प. शेवटी माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, तुम्ही आम्हाला इतिहास शिकवला. तुम्हीच सांगा, गाणारा माणूस गेल्यावर आधीची लोकं काय करायची?"

तिथे जे सुचलं ते बोललो. तेच आज जरा नीट मांडतो.

सुरुवात घरापासूनच करू. १२९६ साली आळंदीला ज्ञानेश्वर महाराजांनी समाधी घेतली. आपल्या जिल्ह्यातली नर्सी ज्यांचं जन्मगाव मानलं जातं, त्या नामदेव महाराजांचे त्या प्रसंगावरचे समाधीचे अभंग वारकरी आजही म्हणतात. जिवाचा सोबती गेला, ते दुःख त्यांनी अभंगात मांडलं. दरवर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीच्या समाधी सोहळ्यात नामदेवांच्या वंशातल्या नामदास महाराजांचं कीर्तन होतं. म्हणजे सोबत्याची आठवण त्यांच्या घराण्यानं अजून गाऊनच जपली आहे.

दुसरं उदाहरण मिरजेचं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मूळचे उत्तरेकडच्या कैराना गावचे, पण स्थायिक झाले मिरजेत. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची फार श्रद्धा, तिथे ते गाऊन सेवा करत. १९३७ साली मद्रासकडच्या प्रवासात सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा रेल्वे स्टेशनावर त्यांचं निधन झालं. एवढ्या लांबून त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तेव्हापासून दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं-बजावणं होतं. आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली बैठक असते. ज्या गावच्या तंबोऱ्यांवर देशभरचे गवई गातात, त्या गावात गवई येतात ते हजेरी लावायला. 'हजेरी' हा शब्द मला फार आवडतो. आम्ही शाळेत रोज घ्यायचो ना, तीच! आलो आहे, विसरलो नाही, एवढंच सांगायचं.

याच खाँसाहेबांचे शिष्य कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व. ते १९५२ साली गेले. १९५३ पासून भीमसेन जोशींनी पुण्यात गुरूंच्या नावानं उत्सव सुरू केला. आज त्याचा केवढा मोठा सोहळा झाला आहे ते तुम्ही जाणताच. पण मूळ गोष्ट साधी होती. गुरू गेले, तर शिष्यानं इतर गाणाऱ्यांना बोलावून गावं. २०११ साली भीमसेनजीही गेले. आता उत्सवाच्या नावात गुरूबरोबर शिष्याचंही नाव आहे.

हे सगळं मी डब्लिनला असलेल्या भाचीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मामा, इकडेही अगदी असंच आहे." आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात विली क्लॅन्सी म्हणून एक नामांकित वादक होते. त्यांचं वाद्य कोपरानं भाता दाबून वाजवायचं, म्हणजे आपल्या पेटीचं भावंडच म्हणा. १९७३ च्या जानेवारीत ते गेले आणि त्याच वर्षी सोबत्यांनी त्यांच्या नावानं उन्हाळी शाळा सुरू केली. दर जुलैला त्यांच्या मिलटाऊन मालबे या गावी लहानथोर शिकायला जमतात. संध्याकाळी तिथल्या पबमध्ये (हो, दारूच्या गुत्त्यातच!) गोल करून बसतात आणि वाजवतात. स्टेज नसतं. नवशिकाही कोपऱ्यात बसून सूर धरतो.

हा नवशिक्या ऐकला आणि मला आमच्या गावचं एक पोरगं आठवलं. नववीतलं. शेवटच्या सात-आठ महिन्यांत बुवांकडे पेटी शिकायला जायचं. पारावर कुणालाच त्याचं नाव सुचलं नव्हतं, मलाही नाही.

बुवांची पेटी विकत मागायला दोघं-तिघं येऊन गेले होते. काकूंनी कुणालाच दिली नाही. त्या रात्री त्यांनी स्वतः लुगड्यात बांधलेली पेटी सोडली आणि पोरापुढे ठेवली. पोरगं चुकत होतं. दोनदा तर चाल पार सुटली. पखवाजवाल्यानं ठेका धरून ठेवला, टाळ चालू राहिले, पोरगं पुन्हा चालीवर आलं. कुणी काही बोललं नाही. बॅनरचा आग्रह धरणारी पोरंही टाळ घेऊन बसली होती. पहाटे आरती झाली. भाषण कुणाचंच झालं नाही, माझंही नाही.

सकाळी काकू पोराला म्हणाल्या, "पेटी घरी ने बाबा, रोज वाजव."

असो. तुमच्या गावी गाणाऱ्या-वाजवणाऱ्याची आठवण कशी करतात, जरूर लिहा. आणि हो, परभणी-नांदेडकडे पेटी दुरुस्त करणारं कुणी माहीत असेल तर कळवा. बुवांच्या पेटीचे दोन सूर बसले आहेत.