बोरघाटांतील लोहमार्ग

कोंकणांतून देशावर चढण्याचा बोरघाट हा फार जुना मार्ग. १८३० मध्यें गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं तेथें गाडीरस्ता खुला केला. परंतु, श्रोतेहो, बैलास जी चढण साधते ती वाफेच्या एंजिनास साधत नाहीं. गुळगुळीत रुळावर लोखंडी चाक घसरतें; म्हणून चढ सौम्य हवा, आणि सह्याद्रि तर भिंतीसारखा उभा !

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले यांनीं सुमारें १६ मैलांत १,८३१ फूट चढणारा मार्ग आंखला. सर्वांत कठीण चढ ३७ फुटांस एक फूट, आणि बोगदे २५. एके ठिकाणीं डोंगराची सोंड इतकी अरुंद कीं गाडीस वळावयास जागाच नव्हती. तेथें उलटें स्टेशन बांधलें. गाडी सोंडेच्या टोकाशीं थांबे; एंजिन दुसऱ्या तोंडास जोडीत, आणि उलट दिशेनें ती उरलेला घाट चढे. १९२९ सालीं नव्या मार्गामुळें ही अडचण संपली.

काम १८५६ मध्यें सुरू झालें. पहार, सुरुंगाची दारू आणि डोक्यावरची पाटी हीच मुख्य सामुग्री. उभ्या कड्यावरून माणसें दोरानें खालीं सोडून सुरुंगाचीं भोंकें पाडीत. पावसाळ्यांत उघड्यावरचें काम थांबे. पटकी आली म्हणजे छावण्या ओस पडत. तरीही १८६१ च्या आरंभीं ४२,००० माणसें तेथें राबत होतीं.

१८५९ च्या जानेवारींत मजुरी थकल्यामुळें मजुरांनीं दंगा केला. चौकशी झाली, व पुढें कंत्राटदार फॅव्हिएल यानें काम सोडलें. त्याच्या जागीं आलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानांत उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारला. तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें कंत्राट स्वतःकडे घेऊन तडीस नेलें. बर्कले १८६२ मध्यें निवर्तले. २१ एप्रिल १८६३ रोजीं घाट खुला झाला, तो त्यांच्या पश्चात्.

हीं नांवें इतिहासांत आहेत. परंतु या कामावर सुमारें २५,००० मजूर दगावले असावेत असा एक अंदाज आहे; त्यांचीं नांवें ग्रंथांत आढळत नाहींत. लोकांनीं मात्र एक नांव राखलें. शिंग्रोबा नांवाच्या धनगरानें साहेबास घाटाची वाट दाखविली व बदल्यांत प्राण गमावला, अशी दंतकथा आहे. त्याचें देऊळ घाटांतील जुन्या रस्त्यावर आहे. दंतकथा हा पुरावा नव्हे. पण हा डोंगर ज्यांच्या हातांनीं फुटला ते याच मुलखांतले गोरगरीब होते, ही जाणीव तिनें जतन केली आहे. गाडी बोगद्याच्या काळोखांत शिरेल तेव्हां तेवढें स्मरण आपणही ठेवावें.