रानभाज्या (गागोदे बुद्रुक परिसर)

पावसाळ्यात पेरणी-लागवडीशिवाय उगवणाऱ्या खाद्य वनस्पती. गागोदे बुद्रुक (ता. पेण, जि. रायगड) हे विनोबा भावे यांचे जन्मगाव (११ सप्टेंबर १८९५). पेण-रोह्याच्या या डोंगरपट्ट्यात पहिल्या सरींबरोबर शेवळं जमिनीतून वर येतात. मागोमाग टाकळा, फोडशी, भारंगी, कुरडू आणि वेलीवर कंटोली. कातकरी व ठाकर बायका त्या खुडून आणतात आणि बाजारात वाटे लावून विकतात. कोणते पान कोवळे, कोणते टाळायचे, ही त्यांची पारख नसेल तर पुढे सांगितलेल्या गुणांचा कोणालाच उपयोग नाही.

हिरव्या पानांत बीटा-कॅरोटीन असते आणि शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते. त्याशिवाय क व के जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम आणि पोट साफ ठेवणारा चोथाही मिळतो. पानांतल्या फोलेट या जीवनसत्त्वाची गोष्ट मात्र थेट मुंबईशी जोडलेली आहे. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ पासून मुंबईतील गरोदर बायकांच्या, त्यांत गिरणी कामगार बायकाही होत्या, रक्तक्षयाचा अभ्यास करत होत्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून हेच फोलेट, म्हणजे फोलिक आम्ल, वेगळे काढले गेले. त्याचे नावच पानासाठी असलेल्या ‘फोलियम’ या लॅटिन शब्दावरून पडले. गर्भाच्या मेंदूची व मज्जारज्जूची पायाभूत घडण पहिल्या काही आठवड्यांतच होते, म्हणून फोलेट गरोदरपणाआधीपासून हवे. पालेभाजी खाल्ली तरी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडू नयेत.

पानातले सगळेच अंगी लागत नाही. पानांतल्या ऑक्झलेट या घटकामुळे कॅल्शियम अडकून राहते आणि वनस्पतीतले लोहही कमी शोषले जाते. भाजीवर लिंबू पिळले की त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक मिळते. कॅरोटीन शोषले जाण्यासाठी स्निग्धांश लागतो, तेव्हा टाकळ्यावर पेरलेले ओले खोबरे केवळ चवीचे नव्हे. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशाला खाजतात. म्हणून शेवळं काकडं (आंबट रानफळे) किंवा चिंच घालून नीट शिजवतात.  अळवालाही आंबट हवेच.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खायला सांगते. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ऑक्झलेट जास्त असलेल्या भाज्या बेताने खाव्यात. वॉरफेरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण अचानक वाढवू वा घटवू नये, कारण के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करते. ब१२ जीवनसत्त्व पालेभाजीतून मिळत नाही.

शेवळांचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. पुढे टाकळ्याला शेंगा धरतात, कुरडूला गुलाबी-पांढरे तुरे येतात आणि पाने जून होतात.