हाडाच्या भुकटीची कुळकथा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे औसा तालुक्यातलं किल्लारी भूकंपाने जमीनदोस्त झालं. दगडमातीच्या जाड भिंतींखालून वाचलेल्या कितीतरी जणांचे हातपाय मोडले होते. साधं मोडलेलं हाड प्लास्टरमध्ये जुळून येतं; पण मधला तुकडाच चुरडून गेला तर पोकळी राहते. ती भरायचा जुना, हुकमी उपाय म्हणजे रुग्णाच्याच कमरेचं हाड काढून तिथे बसवणं. एक जखम बुजवायला दुसरी करायची! ही दुसरी जखम टाळण्याच्या खटपटीतून हाडाऐवजी भरायच्या कॅल्शियम फॉस्फेटचा वंश वाढला.

या वंशाचा मूळपुरुष हाडं काढून बसवणारा सर्जनच होता. अमेरिकेतले फ्रेड आल्बी क्षयाने पोखरलेले मणके सांधायला नडगीचं हाड वापरत. १९२० मध्ये त्यांनी मॉरिसन यांच्यासह सशांच्या मोडलेल्या हाडांच्या फटीत ट्रायकॅल्शियम फॉस्फेट सोडलं आणि हाड लवकर जुळतं, असं नोंदवलं. १९२६ मध्ये डी याँग यांनी क्ष-किरणांनी दाखवलं की हाडातलं खनिज अ‍ॅपेटाइट या दगडाच्या जातीचं आहे.

१९७० च्या दशकात अमेरिकेत जार्चो, नेदरलँड्समध्ये डी ग्रूट आणि जपानमध्ये आओकी यांनी भट्टीत भाजलेलं हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट, म्हणजे त्याच जातीचं कॅल्शियम फॉस्फेट, पुढे आणलं. हाड त्याला थेट चिकटलं, पण ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मात्र विरघळून जाई, कधी नवं हाड येण्याआधीच. लेजेरोस आणि डाकुल्सी यांनी १९८० च्या दशकात दोन्ही मिसळून या घराण्यांची सोयरीक जुळवली.

तोवर प्रश्नही बदलला होता. शरीर हा पदार्थ सहन करेल का, याऐवजी पेशी त्याचं काय करतील, असं विचारलं जाऊ लागलं. या फॉस्फेटचे दाणे पोकळीत पडताच रक्तातली प्रथिनं त्यांच्यावर चढतात; पेशींची पहिली गाठ पडते ती या थराशी. हाड खाणारी ऑस्टिओक्लास्ट पेशी दाण्याला चिकटते, कडा बंद करते आणि खाली आम्ल सोडून खड्डा पाडते. त्यातून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटतात. मग ऑस्टिओब्लास्ट पेशी येऊन तिथे नवं हाड रचतात. शंभर मायक्रॉनपेक्षा मोठ्या छिद्रांतून रक्तवाहिन्या आत शिरतात; बारीक छिद्रं प्रथिनं धरून ठेवतात. १९९१ मध्ये रिपामोंती यांना बबून माकडांच्या स्नायूंत ठेवलेल्या सच्छिद्र हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटमध्ये हाड तयार झालेलं दिसलं. म्हणजे जिथे हाडाचा संबंधच नाही, तिथे!

रुग्णाचं हाड न काढता पोकळी भरायचा दुसरा मार्ग दात्याच्या हाडाचा: मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या ऊतिपेढीत १९८८ पासून दात्यांचं हाड स्वच्छ करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून तयार होतं. फॉस्फेटचे दाणे मात्र ठिसूळ. भार पेलायला प्लेट-स्क्रू लागतातच. आणि दाणे निवडताना वेग बघावा लागतो: हाड भरण्याआधी ते संपले तर पोकळी उरते, संपलेच नाहीत तर नव्या हाडाला जागा मिळत नाही.