साताचे नऊ

गेल्या दिवाळीची गोष्ट. फराळाचे ताट पुढ्यात, आणि आमचे नातू एका हातात मावणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये डोके खुपसून बसलेले! खेळ मात्र मोठा नामी होता. जुन्या वाड्यात चोरी झालेली; आकड्यांची चौकट बिनचूक भरली की एक दार उघडायचे आणि गुप्तहेराला पुढचा धागा सापडायचा. एक आकडा चुकला की दार बंद!

"आजोबा, असं कोडं खरंखुरं असतं का हो कुठे?"

"असतं की. आपल्या अंबरनाथातच आहे. चप्पल घाल."

आम्ही अंबरनाथ पूर्वेचे रहिवासी. वालधुनीकाठचे शिवमंदिर आम्हांला घरच्यासारखे. काळ्या दगडाची ती कोरीव शोभा, पायऱ्या उतरून खाली गेल्यावर लागणारा गाभारा, आणि वर पाहावे तर शिखराच्या जागी उघडे आभाळ! पण कोडे आहे ते उत्तरेकडच्या दाराच्या आतल्या तुळईवर. तेथे काही ओळींचा शिलालेख आहे. त्यात शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव 'मांवाणी' असे येते, आणि शकाचा आकडाही येतो. सारे रहस्य त्या आकड्यात.

मुंबईचे नामांकित डॉक्टर आणि थोर संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख वाचला. त्यांना आकडा दिसला शके ७८२. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे ८६० झाले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा वाचला. त्यांनी सांगितले, पहिला आकडा सात नव्हे, नऊ आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षांनी धाकटे झाले!

"पण खरं कोणाचं, हे कसं ठरवायचं?" नातवाने विचारले.

"तुझ्या चौकटीसारखंच. आजूबाजूची घरं भरलेली आहेत का, ते बघायचं."

सभामंडपाच्या पायरीवर बसून आम्ही हिशेब मांडला. शिलाहारांचे इतर लेख हीच आमची भरलेली घरे. कान्हेरीच्या लेण्यांत शके ७६५ चा लेख पुल्लशक्तीचा आहे आणि शके ७९९ चा त्याच्या मुलाचा, कपर्दीचा. तेव्हा शके ७८२ मध्ये गादीवर बाप असेल नाही तर लेक. मुम्मुणीला तेथे जागाच नाही. आता दुसरीकडे पाहा. भांडुपला सापडलेला ताम्रपट शके ९४८ चा. तो छित्तराजाचा, छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे सख्खे भाऊ. आणि खारेपाटणचा ताम्रपट शके १०१६ चा. तो नागार्जुनाच्या मुलाचा, अनंतदेवाचा.

नातवाने बोटे मोडत वजाबाकी केली आणि ओरडला, "आजोबा, सात धरला तर धाकटा भाऊ थोरल्याच्या एकशे सहासष्ट वर्षं आधी येतो!"

"आणि नऊ धरला तर?"

"थोरल्या भावानंतर चौतीस वर्षं. आणि पुतण्याच्या आधी... तेही चौतीसच!"

ताळा जुळला. हे दोन्हीकडचे चौतीस निव्वळ योगायोगाचे. पण पोराच्या तोंडावर जे हसू फुटले, ते त्या यंत्रातले दार उघडल्यावरही फुटले नव्हते.

वाचकहो, ह्या कोड्याचा खरा गाभा मात्र पुढेच आहे. भगवानलाल हे भाऊ दाजींचे कोणी प्रतिस्पर्धी नव्हते. जुनागडहून मुंबईला आलेला हा तरुण भाऊंच्याच पदरी कामाला लागला, त्यांच्यासाठी गावोगाव हिंडून शिलालेखांच्या नकला उतरू लागला. १८७४ साली भाऊ वारले. पुढे नाणेघाटातल्या प्राचीन आकड्यांवर भगवानलालांनी निबंध लिहिला. आकडे वाचणे हा त्यांचा हातखंडाच होता. गुरूचा आकडा शिष्याने दुरुस्त केला, म्हणून भाऊंची थोरवी तसूभरही उणी झाली नाही. उलट, जो शिष्य आपली चूक काढू शकेल असा शिष्य तयार करणे, हीच गुरूची खरी कमाई!

हे मी इतक्या ठासून लिहितो, त्याला कारण आहे. मी जन्मभर मास्तरकी केली. माझ्या जुन्या टिपणवहीत, कोठून उतरवला कोण जाणे, शके ७८२ हाच आकडा होता, आणि तोच मी वर्षानुवर्षे मुलांना सांगितला. एके वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, नऊशे ब्याऐंशी आहे." मी त्याला "खाली बस" म्हटले. रात्री घरी पुस्तके चाळली, तो मुलगाच बरोबर! दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो आणि पुढचा धडा काढला. चूक कबूल करायला तोंड उघडले नाही.

परतताना हे सारे नातवाला सांगितले. तो काही वेळ गप्पच होता. मग म्हणाला, "मग आता वहीत तरी दुरुस्त करा ना."

घरी आल्यावर त्याने माळ्यावरून वही काढून दिली. मी सातावर काट मारून नऊ लिहिला. खाली सही केली, तारीख घातली. शेजारी त्या मुलाचे नावही लिहून ठेवले.